रेफरन्स लिस्ट जर्नलच्या स्टाईलमध्ये कशी बसवायची

आधी जर्नलच्या ऑथर गाइडलाइन्स उघडा आणि कुठली स्टाईल मागितलीय ते बघा, कारण एपीए आणि व्हँकुव्हरमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे. व्हँकुव्हरमध्ये मजकुरात संदर्भ ज्या क्रमाने येतो तोच त्याचा नंबर, लिस्टपण त्याच क्रमाने, आणि तोच पेपर पुन्हा आला तरी जुनाच नंबर द्यायचा. एपीएमध्ये आडनाव आणि वर्ष. २०१९ च्या सातव्या आवृत्तीपासून ३ किंवा जास्त लेखक असले की पहिल्याच उल्लेखात पहिलं आडनाव लिहून पुढे ‘एट अल.’ (म्हणजे ‘आणि इतर’) टाकायचं, पण लिस्टमध्ये मात्र २० पर्यंत सगळी नावं द्यायची, इथेच बरेच जण चुकतात.

झोटेरो (संदर्भ साठवून लिस्ट बनवून देणारं सॉफ्टवेअर) जरूर वापरा, खूप वेळ वाचतो, पण त्याच्यावर आंधळा विश्वास नको, इंपोर्ट करताना कधी अख्खं टायटल कॅपिटलमध्ये येतं तर कधी पान नंबरच गायब असतात. एपीएत जर्नलचं नाव आणि व्हॉल्यूम इटॅलिक, कंसातला इश्यू नंबर साधा, हे डोळ्यात तेल घालून बघा. प्रत्येक डीओआय (पेपरची कायमची ऑनलाइन ओळख-लिंक) क्लिक करून उघडतोय ना ते तपासा.

मग मजकुरातला एकेक संदर्भ लिस्टमध्ये शोधा, नंतर उलटं करा. फील्ड कोड (झोटेरोने फाइलमध्ये संदर्भांमागे टाकलेले छुपे कोड) काढायचे असतील तर कॉपीतून काढा, मूळ फाइल रिव्हिजनला लागते.