वधूवरांची छायाचित्रे अवघडलेली येतात? या चुका टाळा

अंतरपाट दूर होतानाच्या किंवा सप्तपदीच्या छायाचित्रांत जे वधूवर इतके सहज दिसतात, तेच थोड्या वेळाने दोघेच कॅमेऱ्यासमोर उभे राहिले की खांदे वर चढतात, बोटे ताठरतात आणि हसू ओठांपुरते उरते. विधी चालू असताना हातांना काम असते व पुढे काय करायचे ते गुरुजी सांगत असतात. पोर्ट्रेटच्या वेळी मात्र छायाचित्रकार फक्त "हसा" म्हणतो, आणि माझ्या मते सर्वांत जास्त छायाचित्रे या एका शब्दाने बिघडतात. सांगून आणलेल्या हसण्यात डोळे सहभागी होत नाहीत आणि तेही काही क्षणांत विरते. त्याऐवजी केळवणात कोणाकडे सर्वांत जास्त आग्रह झाला, असे काही मी दोघांना एकमेकांना विचारायला लावतो आणि हसू ओसरत असताना बटण दाबतो.

सांगलीच्या एका लग्नात माझ्याबरोबरचा नवशिका मुलगा वधूची एकटीची छायाचित्रे घेत होता. तिच्या कपाळावरची आठी जाईना, तसा तो "स्माइल, मॅडम, जरा मोकळं हसा" असे पुन्हापुन्हा सांगू लागला. पाहता पाहता वधूची आईही तेच सांगू लागली आणि मुलीचे डोळे भरून आले. जवळ जाऊन पाहिले, तर दाबाची नथ इतकी घट्ट बसली होती की नाकपुडी लाल झाली होती आणि ओठ हलला की मोती ओढले जात होते. करवलीला बोलावून नथ काढायला लावली, वधूला पाणी दिले आणि खिडकीशी बसून त्या दोघींना बोलू दिले. तिथली छायाचित्रे त्या दिवसातली सर्वांत चांगली ठरली. नथ नंतर सैल करून मोजक्या चित्रांपुरती घातली. तेव्हा कॅमेरा उचलण्याआधी मुंडावळ्यांची गाठ रुतते का, फेटा कानांवर दाबतो का, शालूच्या निऱ्या पायात येतात का, हे विचारावे. सेकंदाला वीस चित्रे टिपणारा कॅमेरा हाती आला म्हणून बटण दाबून धरणाऱ्या घाईखोरांना हे विचारायला सवड नसते, आणि मग एकाच अवघडलेल्या चेहऱ्याच्या शंभर प्रती हाती लागतात.

मोबाइलवर पोज दाखवून "असे उभे राहा" म्हणणे ही दुसरी मोठी चूक. ठरवून झालेल्या लग्नात, समोर सासरे आणि आत्याबाई उभ्या असताना, कपाळाला कपाळ टेकवायला सांगितल्यावर कोणीही आखडणारच. अशा वेळी नातेवाइकांना नम्रपणे जेवणाकडे वळवावे आणि जोडप्याला पोज न देता काम द्यावे. वधूने वराचे उपरणे नीट करावे, किंवा दोघांनी कार्यालयाच्या ओसरीतून बोलत सावकाश चालत यावे. नऊवारीच्या काष्ट्यामुळे पाऊल मोकळे पडते, त्यामुळे चाल छान दिसते. मी ८५ मिमीची लेन्स लावून अडीच-तीन मीटर दूर राहतो. तेवढ्या अंतरावरून अर्धाकृती चित्र नीट बसते आणि कॅमेरा तोंडासमोर आल्याचे दडपणही राहत नाही. याउलट २४ मिमीची लेन्स घेऊन जवळ गेल्यास नाक मोठे दिसते.

व्हिडिओवाल्याचा एलईडी दिवा थेट डोळ्यांवर असेल, तर आधी तो बाजूला घ्यायला सांगावा. दुपारच्या उन्हात पोर्ट्रेट काढूच नयेत. प्रत्येक चित्र लगेच पडद्यावर दाखवू नये, कारण वधू मग हनुवटीचाच विचार करत राहते.

स्टेजवर तीन तास उभे राहून दमलेल्या जोडप्याकडून ताजेपणाची अपेक्षा धरणे तर अन्यायच आहे. रिसेप्शनच्या आधीची वीस मिनिटे घरच्यांकडून आगाऊ मागून घ्यावीत. गोरज मुहूर्त असेल तर लग्न लागेपर्यंत उजेड संपतो, म्हणून पोर्ट्रेट आधीच उरकावी लागतात. पण काही घरांत अंतरपाटाआधी वधूवरांनी समोरासमोर येणे चालत नाही, तेव्हा ते ठरवण्यापूर्वी दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांना विचारून घ्यावे.