परदेशी गेम घेताना रुपयांचा हिशोब असा लावा

हर्णै बंदरावर लिलावात सुरमईला जो भाव मिळतो, तो दापोलीच्या बाजारात नसतो, मुंबईत तर नाहीच. मध्ये बर्फ, टेम्पो, दलाली चढते. गेमला बर्फ लागत नाही, तरी तोच गेम अमेरिकेत एका भावाला आणि आपल्याकडे दुसऱ्या, कारण दुकान गिऱ्हाइकाचा खिसा बघून भाव लावतं. तेव्हा डॉलरच्या किमतीला थेट गुणून बसू नका. आधी भारतातला भाव बघा.

स्टीम या कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानात २०१५ च्या नोव्हेंबरपासून भाव रुपयांत आहेत. तिथे शक्यतो यूपीआयनेच पैसे भरा. व्यापारी परदेशी असला, तर रुपयांत कार्ड वापरूनही काही बँका वेगळा आकार लावतात.

खरी गंमत डॉलरच्या दुकानात. इच.आयओ (itch.io) या गेमच्या संकेतस्थळावर बहुतेक किमती डॉलरमध्येच असतात. समजा गेम २० डॉलरचा आणि डॉलर ९० रुपयांचा, म्हणजे १,८०० रुपये. बँकेचा परकीय चलन आकार ३.५ टक्के धरला तर ६३ रुपये, त्या आकारावर १८ टक्के जीएसटी ११.३४. झाले १,८७४.३४. दुकानाने स्वतःचा कर लावला तर तो वेगळा. तुमच्या कार्डाचा आकार किती, ते बँकेच्या दरपत्रकात बघून घ्या. पैसे भरताना ‘रुपयांत द्यायचे का?’ असं पान पुढे आलं तर बहुधा नको म्हणा. तो दर साधारणपणे बँकेपेक्षा महाग पडतो.

कार्ड चाललंच नाही, तर बँकेच्या ॲपमध्ये परदेशी ऑनलाइन व्यवहार सुरू करा. काम झालं की बंद.

‘मामा, व्हीपीएन लावून तुर्कस्तानातून घेऊया ना,’ असं माझा भाचा म्हणाला होता. व्हीपीएन म्हणजे आपण दुसऱ्याच देशात आहोत असं दाखवणारी सोय, आणि तुर्कस्तानात गेम स्वस्त असायचे. नको रे बाबा. स्टीमचे नियम ते चालवून घेत नाहीत, खातंही अडकू शकतं. शिवाय नोव्हेंबर २०२३ मध्ये तुर्कस्तान आणि अर्जेंटिनाचे भाव डॉलरमध्येच गेले.

गेम आवडला नाही, तर स्टीमवर खरेदीपासून १४ दिवसांत आणि २ तासांपेक्षा कमी खेळला असल्यास पैसे परत मागता येतात. आपल्या पावसाळी नेटवर एक मात्र सांभाळा: काही गेम उघडल्यावर आतूनच आणखी डाउनलोड करत बसतात, आणि तो वेळ खेळण्यातच धरला जातो. माझे दोन तास असेच गेले, नुसती पट्टी सरकताना बघत.