गरोदरपणातली शुगर आणि बाळाचा मेंदू: या चुका टाळा

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे आधीपासून शुगर असलेल्या बाईनं "दिवस गेले की बघू" म्हणणं. बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीतून तयार होतात ती नळी गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांत मिटते, म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात, कित्येकींनी तोवर घरी टेस्टसुद्धा केलेली नसते. मग सांगली-मिरजेत कितीही मोठा डॉक्टर गाठा, तो टप्पा मागं गेलेला असतो.

त्या नळीच्या भिंतीत स्टेम सेल, म्हणजे ज्यांच्यातून पुढं वेगवेगळ्या पेशी घडतात अशा मूळ पेशी असतात. त्या आधी नुसत्या आपली संख्या वाढवत राहतात, मग त्यांच्यातून चेतापेशी होतात आणि नंतर त्यांना आधार देणाऱ्या पेशी. आईच्या रक्तातलं ग्लुकोज वारेतून थेट बाळाकडं जातं आणि इतक्या कोवळ्या पेशींना त्या जादा साखरेचा ताण झेपत नाही. उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलंय की अशा वेळी पॅक्स-३ नावाचं जीन दबतं, आणि एरवी त्याच्यामुळं आवरलेलं पी-५३ हे प्रोटीन मोकाट सुटून पेशी मारायला लागतं, म्हणून नळी नीट मिटत नाही. लॅबमध्ये उंदराच्या गर्भातल्या स्टेम सेल जास्त ग्लुकोजमध्ये ठेवल्या तर त्यांची वाढ मंदावते आणि त्या आपलं वाढायचं काम अर्धवट टाकून आधीच चेतापेशी व्हायला निघतात.

हे वाचून घाबरून बसणं ही पण चूकच, कारण त्या प्रयोगात माद्यांची शुगर औषध देऊन मुद्दाम प्रचंड वाढवलेली असते. शुगर आवाक्यात असलेल्या बहुतेक बायकांची बाळं चांगली धडधाकट जन्मतात. म्हणून लग्नानंतर किंवा दुसऱ्या बाळाचा विचार करतानाच एचबीए१सी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ताची टेस्ट, करून घ्या, जमेल तर ६.५ टक्क्यांच्या खाली आणा, १० च्या वर असेल तर सरळ थोडं थांबा. फॉलिक ॲसिडही तेव्हापासूनच सुरू करायचं, शुगर असेल तर डोस जास्त लागू शकतो, तो डॉक्टरांना विचारा. बीपी-कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्याही बदलाव्या लागतात, पण मनानं बंद करू नका.

आता दुसरा घोळ. गरोदरपणातच पहिल्यांदा निघणारी शुगर बहुतेकदा २४ ते २८ आठवड्यांत कळते, तोवर नळी कधीच मिटलेली असते, त्यामुळं "आता बाळाच्या मणक्यात दोष निघणार" म्हणून रडत बसायची गरज नाही. पण म्हणून ती किरकोळ पण नाही! जादा साखर पोचली की बाळ स्वतः जादा इन्सुलिन बनवतं, अंगानं वाढतं, त्याला ऑक्सिजन जास्त लागतो, मग लाल पेशी जास्त बनतात आणि त्यात लोह खर्ची पडून मेंदूला कमी पडू शकतं. लोहाच्या गोळ्या खिडकीत वाळत ठेवणाऱ्या वहिनींनी हे वाक्य परत वाचा. आणि त्या चहाबरोबर घेऊ नका.

टेस्टच्या वेळी काय होतं बघा. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायला देतात आणि दोन तासांनी रक्त घेतात, १४० किंवा वर आलं की शुगर धरतात. उपाशीपोटी यायची सक्ती या टेस्टला नाही, पण ग्लुकोज प्यायल्यावर दोन तास काही खायचं नसतं, आणि आमच्याकडं नेमकं तेव्हाच सोबत आलेल्या आत्याबाई पिशवीतून भडंगाची पुडी काढतात, "पोरगी भुकेली राहील" म्हणून. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर दुसऱ्या दिवशी परत करायची, गपचूप बसून नंबर घ्यायचा नाही. टेस्ट पहिल्या भेटीत एकदा, आणि तेव्हा नॉर्मल आली तरी २४ ते २८ आठवड्यांत परत. पहिली नॉर्मल आली म्हणून दुसरी टाळणारे खूप.

खाण्याच्या बाबतीत आपला जिल्हा अवघड. घरचा गूळ चालतो, घरचे बेदाणे चालतात, रस तर उसाचाच आहे, असं सगळे सांगतात, पण गुळात बहुतेक साखरच असते आणि मूठभर बेदाण्यात पण. डोहाळजेवणात घासभर गोड खाल्लं तर आभाळ कोसळत नाही, पण रोज डिंकाचा लाडू म्हणजे जरा जास्तच झालं. याच्या उलट जेवणच सोडणं तितकंच वाईट, उपाशी राहिलं की अंगातली चरबी जळून रक्तात कीटोन नावाचे पदार्थ वाढतात आणि तेही वारेतून जातात. ज्वारीची भाकरी, उसळ, मेथी, ताक, थोडं थोडं करून खा आणि जेवल्यावर अंगणात चाला.

इन्सुलिनला घाबरू नका, ग्लुकोजसारखं ते वारेतून सहसा पलीकडं जात नाही. आहार सांभाळून दोन आठवड्यांत जेवणानंतर दोन तासांची शुगर १२० च्या खाली आली नाही तर डॉक्टर औषध सुरू करतात, त्यावर सासूबाईंशी चर्चा नको.

बाळंतपण झालं की शुगर संपली असं धरून फाइल कपाटात जाते. बाळाला पहिल्या तासात अंगावर पाजा, त्याच्या टाचेतून शुगर तपासू द्या कारण ती एकदम खाली जाऊ शकते, आणि स्वतःची टेस्ट सहा आठवड्यांनी परत करा, माहेरी असाल तर तिथंच.