किल्ली आपल्याच खिशात

लोकलच्या रविवारच्या मेगाब्लॉकला शिव्या घालणाऱ्या मुंबईकरांत मीही होतो. डिप्लोमा झाला, भांडुपला फ्लेमप्रूफ पॅनेलांच्या सर्व्हिसची नोकरी लागली, आणि अधूनमधून संध्याकाळची विदर्भ एक्स्प्रेस धरून कोळशाच्या भूमिगत खाणीत उतरायची वेळ यायला लागली. याच कामाला आता इथून निघालेल्या पोरांसाठी लिहितोय. वर्कशॉपमधल्या निम्म्या सवयी खाली चालत नाहीत, हे आधीच सांगून टाकतो.

पहिल्याच फेरीला माझा मल्टिमीटर लॅम्परूमपाशी, म्हणजे उतरण्याआधी दिवे मिळतात तिथे, अडला. मोबाइल आणि काडेपेटी वरच ठेवायची हे ठाऊक होतं, पण मीटर? साध्या मीटरच्या लीडवरची ठिणगीसुद्धा मिथेनला पुरू शकते. हवेत ५ ते १५ टक्के मिथेन असला की स्फोटाचं मिश्रण तयार. म्हणून फेसवर, म्हणजे कोळसा काढतात तिथे, मान्यता असलेलीच उपकरणं न्यायची, आणि मिथेनचं वाचन १.२५ टक्क्यांच्या वर गेलं की वीज तोडायची, हा नियमच आहे. मिथेन हवेपेक्षा हलका, छतालगत साचतो. गॅस तपासणारा मायनिंग सरदार मिथेनोमीटर वर धरून उभा असेल तर त्याच्यामागे घाई लावू नका. मी लावली होती.

'फ्लेमप्रूफ' या शब्दानेही माणूस फसतो. त्या डब्यात गॅस शिरतच नाही, अशी माझी समजूत होती. शिरतो. आत भडका उडाला तरी डबा फुटू नये आणि फ्लँजमधल्या, म्हणजे झाकणाच्या जोडकडांमधल्या, बारीक फटीतून बाहेर पडेपर्यंत ज्वाळा थंड व्हावी, एवढंच त्याचं काम. एक बोल्ट कमी असला, फ्लँजवर ओरखडा असला किंवा कुणी हौसेने रंग फासला असला, की तो नुसता जड लोखंडी डबा. झाकण उघडल्यावर तर तेवढाही आधार नाही. म्हणून खाली शक्यतो युनिट बदलायचं आणि दुरुस्ती वर आणून करायची.

तरी मी उघडायला बसलोच. गेट-एंड बॉक्स, म्हणजे मशीनला वीज देणारा स्विचचा डबा, अर्थ लीकेजवर (वीज जमिनीकडे गळाली की) सतत ट्रिप होत होता. सरदाराने गॅस पाहिला, मी आयसोलेटरचा, म्हणजे वीज तोडणाऱ्या स्विचचा, दांडा ऑफ केला, झाकण अडवणारं इंटरलॉक सुटलं, कॉन्टॅक्टरचं झाकण निघालं. मग बसबार चेंबरच्या, म्हणजे मागून वीज येते त्या कप्प्याच्या, बोल्टला पाना लावला आणि कोळशाने माखलेला एक हात माझ्या मनगटावर पडला.

"थांबा न जी साहेब, तिकडून लाइन येऊनच राहिली न!"

पाळीचे इलेक्ट्रिशियन, माझ्या वडिलांच्या वयाचे. बॉक्सचा आयसोलेटर फक्त पुढचं बंद करतो. मागे बसबारवर ५५० व्होल्ट तसेच. ते तोडायचे तर सप्लाय जिथून येतो त्या मागच्या स्विचपर्यंत चालत जायला हवं होतं. ड्रॉइंग मला पाठ होतं. चालायचा कंटाळा केला, बाकी काही नाही.

काका मला त्या स्विचपाशी घेऊन गेले. ऑफ, कुलूप, पाटी. किल्ली त्यांनी माझ्या हातात दिली, "खिशात ठेवा, कोणाले देऊ नका." परत आल्यावर पुन्हा गॅस पाहिला, मान्यताप्राप्त टेस्टरने वीज नसल्याची खात्री केली, कंडक्टर अर्थ केले, म्हणजे जमिनीला जोडले. तेव्हा कुठे पाना. 'दहा मिनिटांनी चालू कर' असा वायदा कुणाशीही करायचा नाही, फोनवरून तर नाहीच. आपल्या मेगाब्लॉकमध्येसुद्धा नुसतं घड्याळ बघून ओव्हरहेड तारांना पॉवर सोडत नाहीत, आधी काम करणाऱ्यांचं परमिट परत यावं लागतं. हे कळल्यापासून रविवारच्या शिव्या जरा कमी झाल्या.

दोष बॉक्समध्ये नव्हताच. मशीनमागे ओढली जाणारी ट्रेलिंग केबल छताच्या दगडाखाली चेपली होती. "साहेब, रिले बायपास करा न, पाळी निघून जाईल," असं त्या दिवशी एकाने सुचवलंच. तुम्हालाही कुणीतरी सुचवेल. या सिस्टिममध्ये अर्थ फॉल्टचा प्रवाह मुद्दाम ७५० मिलिअँपिअरच्या आत बांधून ठेवतात, म्हणून ही गळती पकडणारा रिलेही तितकाच संवेदनशील. तो ट्रिप होतोय म्हणजे केबल काहीतरी सांगतेय.

केबल बदलली, मी इन्क्लाइन, म्हणजे खाणीचा उतरता बोगदा, चढून वर आलो, बूट काढले. मग खिशात हात गेला. कुलूप खालीच. इलेक्ट्रिशियनकाका फोनवर शांतपणे म्हणाले, "या मग." मशीन उभं, पाळी खोळंबलेली, पण कुलूप कुणी तोडलं नव्हतं. पुन्हा बूट चढवले आणि उतरलो.