महागडं घड्याळ सर्व्हिस सेंटरला नेताय? या चुका टाळा

मालवण काय, रत्नागिरी काय, महागडं घड्याळ कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला न्यायचं तर बहुतेकदा मुंबई गाठावी लागते. मग "पुढच्या खेपेला नेऊ" म्हणत काम लांबतं आणि तोवर घरगुती उपाय सुरू होतात. सगळ्यात जास्त नुकसान होतं ते या मधल्या दिवसांत.

यातली सर्वांत महागात पडणारी चूक काचेच्या आत धरलेल्या वाफेची. समुद्रात पोहून आल्यावर काच धुरकट दिसली की घड्याळ तांदळाच्या डब्यात जातं, उन्हात ठेवलं जातं, नाहीतर त्याच्यावर हेअर ड्रायर धरला जातो. काही तासांत काच स्वच्छ होते आणि सगळ्यांना हायसं वाटतं. पण उडून जातं ते पाणी. मीठ आतच राहतं. हे मीठ दमट हवेतला ओलावा ओढून घेत राहतं आणि चावीच्या बारीक पोलादी दांडीला गंज धरू लागतो, कारण पाणी बहुधा तिथूनच आत आलेलं असतं. पुढे चावी फिरवताना खरखर लागते, ती जड जाते. तोपर्यंत साध्या साफसफाईवर भागलं असतं ते काम सुटे भाग बदलण्यावर गेलेलं असतं.

आत पाणी गेल्याची शंका आली तर चावी ओढू नका, तारीख बदलू नका. घड्याळ मऊ कापडात ठेवा आणि त्याच दिवशी सेंटरला फोन करा. पाणी खारं होतं की गोडं, घड्याळ किती वेळ पाण्यात होतं, चावी नीट बंद होती का, हे खरंखुरं सांगा. पोचायला दोन-तीन दिवस लागणार असतील तर जवळच्या घड्याळजीकडून मागचं झाकण उघडून मशीन सुकवून घ्यायचं का, हेही त्यांनाच विचारा आणि उत्तर ईमेलवर मागवा. न विचारता उघडलं तर वॉरंटी जाऊ शकते, शिवाय चुकीच्या हत्याराने झाकणावर कायमचे ओरखडे उठतात.

एसी गाडीतून जूनच्या दमट हवेत उतरल्यावर काचेच्या बाहेरून धुकं धरतं, ते मात्र रुमालाने पुसलं जातं. तो बिघाड नव्हे. आत ओलावा आहे का हे पाहायला सेंटरमध्ये घड्याळ 40 ते 45 अंशांपर्यंत गरम करतात, काचेवर गार पाण्याचा थेंब मिनिटभर ठेवतात आणि पुसून आत वाफ धरते का ते बघतात.

डायलवर "30 मीटर" लिहिलंय म्हणून तारकर्लीला ते घालून पाण्यात उतरणं चूकच. तो आकडा तपासणीतल्या 3 बार दाबाचा आहे. हात धुताना उडणारं पाणी सोसेल, इतकाच त्याचा अर्थ. 100 मीटरचं घड्याळही रबरी रिंगा जुन्या झाल्यावर भरवशाचं राहत नाही. किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी दाबाची तपासणी वर्षातून एकदा करून घ्यावी, तीही मे महिन्याच्या सुट्टीआधी.

"घड्याळ पुढे जातं" एवढ्या तक्रारीवर तपासणी नीट होत नाही. चावी 30-40 वेळा फिरवून घड्याळ पूर्ण भरा आणि सात दिवस ठरावीक वेळी मोबाइलशी ताडून फरक सेकंदांत लिहून ठेवा. रात्री काढून ठेवताना ते आडवं असतं की उभं, हेही टिपा. घड्याळांची अचूकता तपासणाऱ्या स्वित्झर्लंडच्या सीओएससी संस्थेच्या प्रमाणपत्रात मशीनला दिवसाला सरासरी उणे 4 ते अधिक 6 सेकंदांची मुभा आहे, म्हणजे दिवसाला 5 सेकंद पुढे जाणं हा दोष नाही. एकाएकी मिनिटभर पुढे पळू लागलं तर आधी चुंबकत्वाचा संशय घ्या. स्पीकर किंवा टॅबलेटचं चुंबकी कव्हर शेजारी असतं का ते आठवा. सेंटरमध्ये हा दोष काही क्षणांत निघतो.

दुबई-मस्कतहून आलेल्या घड्याळांच्या बाबतीत कागद घरीच राहतात. वॉरंटी कार्डावर दुकानाचं नाव आणि खरेदीची तारीख हवी. बिलही सोबत न्या. शोरूम आणि सर्व्हिस सेंटर एकच असतं असंही नाही, म्हणून पत्ता कंपनीच्या वेबसाइटवरूनच घ्या आणि वेळ ठरवून निघा. कुरिअरने पाठवायचं तर विमा नेमका किती रकमेचा आणि त्यात घड्याळ बसतं का, हे आधी लेखी घ्या.

घड्याळ देताना पावती घाईत घेऊ नका. सिरियल नंबर, पट्ट्याच्या कड्यांची संख्या, आधीचे ओरखडे हे सगळं तिच्यावर हवं. डायल, झाकण, दोन्ही बाजू आणि क्लॅस्पचे (पट्टा बंद करायच्या खटक्याचे) फोटो काउंटरवरच काढा. पॉलिश नको असेल तर तसं स्पष्ट लिहून घ्या, कारण पॉलिशमध्ये धातू झिजतो आणि कडांची धार गेली की परत येत नाही. वडिलांच्या जुन्या घड्याळाबाबत "डायल आणि काटे विचारल्याशिवाय बदलू नयेत" ही ओळ लिहायला लावाच. नव्या डायलने त्या घड्याळाचा चेहराच पुसला जातो. अंदाजपत्रक नाकारलं तर तपासणीचे किती पैसे लागतील आणि काढलेले भाग परत मिळतील का, हेही तिथेच विचारा.

परत घेताना तारीख बदलून पाहा, स्क्रूसारखी फिरवून बंद होणारी चावी असेल तर ती अडखळल्याशिवाय बसते का बघा आणि दाबाच्या तपासणीचा निकाल मागा. सर्व्हिसची वेगळी वॉरंटी असते, रोलेक्सची 2 वर्षांची आहे. ते कार्ड तारखेसह हातात आल्यावरच काउंटर सोडा.