घरच्या गमीज: लिंबू शेवटी पिळा

हिवाळ्यात मंडईत महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी आली की आमच्याकडे गमीजची, म्हणजे जेलीसारख्या गोळ्यांची, फर्माईश सुरू होते. रस घट्ट करायला वापरतात ते जिलेटिन प्राणिजन्य असतं, म्हणून मी चायना ग्रासची पावडर वापरते. ही समुद्री शेवाळापासून बनते. त्यामुळे एकादशीला सासूबाईही खातात!

एक कप गाळलेला स्ट्रॉबेरीचा रस, तीन चमचे साखर आणि दोन सपाट छोटे चमचे पावडर. पावडर थंड रसातच ढवळायची. गरम रसात टाकली की गुठळ्या झाल्याच समजा. मग सतत ढवळत उकळी आणून मंद आचेवर दोन मिनिटं खळखळू द्यायचं. पावडर नीट विरघळायला जवळपास उकळीइतकी उष्णता लागते, नुसतं कोमट करून भागत नाही.

लिंबू मात्र गॅस बंद केल्यावरच. मी पहिल्यांदा ते रसाबरोबरच उकळलं आणि साच्यातून लिबलिबीत गोळे निघाले. आंबटपणा आणि उष्णता एकत्र आली की चायना ग्रासची पकड सुटते.

शंका असेल तर गार वाटीवर एक थेंब टाकून पाहा. मिनिटभरात बोटाने उचलता आला तर बर्फाच्या ट्रेमध्ये ओता. फ्रिजची गरज नाही, बाहेरच घट्ट होतं. बाजारच्यासारखं चिवट लागणार नाही, दाताखाली कचकन तुटेल. मला तेच आवडतं.

वरून साखर घोळवायची असेल तर रात्रभर जाळीवर सुकवून मगच. पुण्यातल्या पावसाळ्यात तर साखर घोळवूच नका, तासाभरात पाणी सुटतं.