घरामागच्या खोल्यांत वायफाय नेताय? या चुका टाळा

कोकणात घरामागे होमस्टेच्या खोल्या बांधतात, रंगकाम होतं, अंगणात पेव्हर बसतात आणि मग कुणालातरी वायफाय आठवतं. तोवर पाइप पुरायची सोय राहिलेली नसते. खोल्यांचा पाया खणतानाच पाण्याच्या लाइनसोबत एक रिकामा पाइप आणि त्यात नंतर केबल ओढायला नायलॉनची दोरी टाकून ठेवा. पुढचं निम्मं काम तिथेच होतं.

पाइप नसला की बाजारातून रिपीटर (राउटरचा सिग्नल घेऊन पुढे देणारा डबा) येतो आणि लागतो नेमका त्याच खोलीत, जिथे रेंज पोचत नाही. मोबाइलवर काड्या पूर्ण दिसतात, पण त्या रिपीटरच्या असतात. चिऱ्याच्या दोन जाड भिंती ओलांडून रिपीटरला राउटरकडून काय मिळतंय, ते त्यात कळत नाही. लावायचाच तर घराच्या त्या बाजूच्या खिडकीत लावा, जिथे सिग्नल अजून धड आहे. एकाच बँडवर (रेडिओच्या पट्ट्यावर) घेऊन त्याच बँडवर पुढे देणारा असेल, तर स्पीड साधारण निम्मा होणार हे धरून चला. पाहुण्यांसाठी मी रिपीटर लावून देत नाही.

पण सगळ्यात महाग पडते ती दोन इमारतींमध्ये हवेतून ओढलेली तांब्याची लॅन केबल. 100 मीटरच्या आत कॅट-6 जातीची लॅन केबल उत्तम चालते, म्हणून लोकांना त्यात वावगं वाटत नाही. ओळखीच्या एका काकांनी माझं न ऐकता अशीच केबल माडाला बांधून नेली. मे महिना छान गेला, पाऊसही गेला. ऑक्टोबरच्या गडगडाटात फोन आला, "अरे, वीज तिकडे माडावर पडली, घरावर नाही. मग इथलं सगळं कसं गेलं?" जाऊन बघितलं तर राउटर, खोलीतला नेटवर्कचा स्विच (एका केबलवरून अनेक यंत्रं जोडणारा डबा) आणि त्याला जोडलेला टीव्ही गेलेला. स्विचच्या एका पोर्टमधल्या पिना काळ्या पडून वाकल्या होत्या, प्लास्टिक जळल्याचा वास खोलीभर.

वीज अंगावर पडावीच लागत नाही. जवळ पडली की दोन इमारतींच्या अर्थिंगमध्ये क्षणभर प्रचंड व्होल्टेजचा फरक येतो आणि त्यांना जोडणारी तांब्याची तार त्याला वाट देते. फायबर काचेचं, त्यातून करंट जात नाही. म्हणून इमारत सुटी असेल तर अंतर कितीही असो, मी फायबरच टाकतो. दोन टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबरमधला प्रकाश आणि लॅन केबलचा सिग्नल यांची अदलाबदल करणारे डबे), जोडणीला गावातला केबलवाला. एकाच तंतूवर चालणारे कन्व्हर्टर घेताना एक ए आणि एक बी अशी जोडी बघून घ्या, दोन्ही ए आणले तर लिंक लागत नाही. फायबरच्या केबलमध्ये आधाराची स्टीलची तार असेल तर ती दोन्ही टोकांना बाहेरच कापा, यंत्रापर्यंत आणू नका. नाहीतर विजेला पुन्हा वाट मिळाली.

खोलीत जुना राउटर वापरताय? त्याचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) बदला, डीएचसीपी (यंत्रांना पत्ते वाटायची सोय) बंद करा, केबल वॅनमध्ये (इंटरनेटच्या पोर्टमध्ये) नाही तर लॅन पोर्टमध्ये लावा. किंवा त्यात ॲक्सेस पॉइंट (केबलवरून आलेलं नेट फक्त वायफायने देणारा) मोड असेल तर तोच निवडा.

स्वस्त केबलच्या वेष्टनावर सीसीए छापलेलं दिसलं तर परत करा. ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे.

खणणं अगदीच शक्य नसेल तर समोरासमोर लावायचे वायरलेस ब्रिज (केबलऐवजी हवेतून दोन इमारती जोडणारी जोडी) चांगले, पण मध्ये मोकळी नजर हवी. मे महिन्यात झाडांच्या फटीतून नेम धरून बसवलेला ब्रिज जुलैत ओल्या पानांमागे अडकतो. घाईतले लोक असाच ब्रिज बसवतात आणि भर पावसात शिडी मागतात. खांब उंच घ्या.

आणि लाइट. घरचा राउटर इन्व्हर्टरवर, खोलीतला ॲक्सेस पॉइंट मात्र थेट लाइनवर असेल तर लाइट गेली की खोलीतलं नेट गेलं. दोन्हीकडे राउटरचा छोटा यूपीएस लावा, कन्व्हर्टरसकट. घेण्याआधी प्रत्येक ॲडॉप्टरवरचे व्होल्ट वाचा, राउटर बहुधा 12 चा असतो आणि कन्व्हर्टर बऱ्याचदा 5 चा.